‘किमान’ कौशल्य

आर्ट्स, कॉमर्स, सायन्स ही नावं सगळ्यांना पाठ असतात. अकरावीला चौथाही एक रस्ता असतो, एमसीव्हीसी. मराठीत ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’. १९८०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात तो सुरू झाला. नंतर अभ्यासक्रम बदलले, नाव बदललं, पण लोकांच्या तोंडी एमसीव्हीसीच राहिलं. मला त्यातला ‘किमान’ हा शब्द खटकतो. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा ‘तुला किमान अभियांत्रिकी शिकवू’ असं कुणी म्हणालं नव्हतं.

हे शिक्षण सुधारायचं म्हटलं की बोलणं लगेच नव्या मशीन्सवर, स्मार्ट बोर्डवर आणि किती पोरं नोकरीला लागली यावर जातं. ते सगळं हवंच. पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ‘कसं करायचं’ एवढं आलं की पुरे, ‘का’ची त्याला गरज नाही, हे परस्पर ठरवणारे आपण कोण?

माझा मामेभाऊ तालुक्याच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल घेऊन शिकला. जिन्याचं वायरिंग तो डोळे मिटून करतो. खाली एक बटण, वर एक, कुठूनही दिवा लावा, कुठूनही विझवा. दोन टू-वे स्विच आणि मधे दोन वायरी, बस. हीच गोष्ट मला दुसऱ्या वर्षाला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक्सॉर गेट म्हणून शिकवली होती: दोन इनपुट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य. मी तक्ता पाठ केला, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. त्यानं शेकडो स्विच बसवले, तक्ता पाहिला नाही. एका दिवाळीत मी त्याला तो कागदावर काढून दाखवला. दहा मिनिटांचं काम. तीन ठिकाणांहून दिवा चालवायचा तर मधे इंटरमीजिएट स्विच लागतो हे त्याला माहीत होतंच. तो वायरींची अदलाबदल का करतो हे त्यानं तक्ता वाढवून स्वतःच शोधलं. मग चार मजल्यांचंही काढलं. जेवायला हाका मारून मामी थकली.

शिक्षण दोघांचंही अर्धंच झालेलं. फक्त माझ्या अर्ध्याला पगार बरा मिळतो.

‘का’ ही चैन आहे, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. घरी कमावणारं माणूस हवं असतं, पोराला अठराव्या वर्षी हातात पैसा हवा असतो. हे खरंच आहे आणि पुण्यात एसीत बसून त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण वायरिंगचंच घ्या. स्विच फेजवर बसवायचा, न्यूट्रलवर नाही, हा नियम प्रत्येक पोराला सांगतात. न्यूट्रलवर बसवला तरी बटण दाबल्यावर दिवा विझतोच. मालक खूश, पोरगं खूश. होल्डरमध्ये मात्र करंट तसाच राहतो आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला झटका बसतो. जुन्या घरात वायरींच्या रंगांचा पत्ता नसतो, तिथे पाठ केलेला नियम तोकडा पडतो. तिथे ‘का’ ठाऊक असलेलाच आधी टेस्टर लावून बघतो.

पुढचं शिक्षण घ्यायचं तर वाट आहे. एमसीव्हीसीच्या तांत्रिक शाखांतून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. भाऊ गेला. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर इंटिग्रेशन आलं. अकरावी-बारावीत त्याला भाषा होत्या, जनरल फाउंडेशन कोर्स होता, इलेक्ट्रिकलचे तीन विषय होते; गणित नव्हतं. म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि पायऱ्या काढून घ्यायच्या. वर ‘एमसीव्हीसीची पोरं टिकत नाहीत’ असं म्हणायला आपण मोकळे.

शिकवण्याची वेगळी पद्धत आपल्याकडे नाही असं नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली, ती मुळात हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवण्याची कल्पना होती. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, सगळंच थोडं थोडं करायचं, गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू बनवायच्या आणि त्यातून विज्ञानाकडे जायचं. हातानं करताना डोकं चालतं, हा तिथला पाया. मला त्यात सर्वांत आवडतं ते हे, की ते ‘मार्क कमी पडलेल्यांसाठी’ म्हणून बाजूला काढलेलं शिक्षण नव्हतं.

धोका तिथेही आहे. नई तालीमवर तेव्हाच आक्षेप होता, की मुलांच्या वस्तू विकून शाळा चालवायची म्हणजे शाळेचा कारखाना होईल. आज अप्रेंटिस म्हणून घेतलेल्या पोरांना वर्षभर खोकी उचलायला लावणाऱ्या जागा बघितल्या की तो आक्षेप जुना वाटत नाही. शिकणं आणि फुकटची मजुरी यांतली रेघ मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: पोरानं ‘हे असं का?’ विचारलं तर काम दोन मिनिटं थांबतं का?

जर्मनीचं उदाहरण सगळेच देतात. थोडे दिवस कंपनीत, थोडे शाळेत, झकास. पण तिथल्या बहुतेक राज्यांत मुलांच्या वाटा चौथीनंतरच, दहाव्या वर्षाच्या आसपास वेगळ्या होतात, हे सांगायचं राहून जातं. तेही आणायचंय का?

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं निदान सहावी ते आठवीच्या सगळ्याच मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत, सुताराकडे, कुंभाराकडे शिकायला. दहाच दिवस, पण डॉक्टरची मुलगीही त्यात असेल.

भावाला सर्वांत चांगलं शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. तक्ता, एक्सॉर, सगळं त्यांनाही येत असणार. ते स्वतः डिग्रीवाले. तास संपला की ते बॅग उचलून दुसऱ्या गावच्या कॉलेजात पळायचे, एसटी चुकली तर तिथला तास बुडायचा. तास घेतला तेवढेच पैसे. प्रॅक्टिकल झाल्यावर थांबून ‘का’ विचारणाऱ्या पोराशी बोलण्याचे पैसे कुठल्याच रकान्यात नव्हते.