सरवा की कचरा?

बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टने, किराण्याच्या पातळ पिशव्या, जुन्या ध्वनिफितींतील तपकिरी फीत अशा टाकाऊ जिनसांपासून विणलेली बाजाराची पिशवी पुणे परिसरात आता अपूर्वाईची राहिलेली नाही. २०१५ साली अमिता देशपांडे आणि नंदन भट यांनी 'आरोहणा' या नावाने पुण्यात हे काम सुरू केले. पुढे त्यातून 'रीचरखा' आणि 'इकोकारी' असे दोन स्वतंत्र उद्योग उभे राहिले. त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. गोळा झालेले प्लॅस्टिक धुऊन निर्जंतुक करतात, उन्हात वाळवतात, कात्रीने त्याच्या लांबच लांब पट्ट्या कापतात, त्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर ताण्याला सूत व बाण्याला ही पट्टी घालून कापड विणतात. त्या कापडाची पिशवी शिवली जाते. यात प्लॅस्टिक वितळवावे लागत नाही, आणि हीच त्यातली खरी मख्खी आहे. वेफर्स किंवा बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला भाव देत नाही. ज्याला बाजारात कुणी विचारत नाही, त्याला माग जवळ करतो.

अशी पिशवी खांद्याला लावली की मन हलके होते. एक पाप थोडे कमी झाले, असे वाटते. या लेखाचा प्रश्न एवढाच आहे की हे हलकेपण आपण कमावलेले असते काय.

पिंपरीत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि कारखान्यांची रांग भोसरीवरून चाकणपर्यंत गेली. वस्तू घडवण्यावर जगणारे हे शहर आहे. घडवलेली प्रत्येक वस्तू कशात तरी गुंडाळून बाहेर पडते, आणि आत येणारा प्रत्येक सुटा भागही कशात तरी गुंडाळूनच येतो. ते गुंडाळलेले उलगडले की त्याचे काय करायचे, याचा विचार मात्र घडवणाऱ्याच्या आराखड्यात सहसा नसतो.

मराठीतील 'टाकणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. आपण कचरा टाकतो, आणि एखादे काम 'करून टाकतो', पैसे 'देऊन टाकतो', मनातले 'सांगून टाकतो'. दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटाला हे लागले की त्यात सुटकेचा भाव येतो: झाले, आता माझा संबंध संपला. याच भाषेत नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला 'टाकलेली' म्हणण्याची रीत होती. संबंध तोडणाऱ्याच्या बाजूने पाहणारा हा शब्द आहे. पण टाकणाऱ्याचा संबंध संपला तरी टाकलेल्या वस्तूचा प्रवास तेथून सुरू होतो. पिंपरी-चिंचवडचा हा प्रवास बव्हंशी मोशीच्या कचरा डेपोपाशी जाऊन थांबतो, आणि मोशीलाही वस्ती आहे, विहिरी आहेत, वारा आहे.

टाकलेल्याला पुन्हा उपयोगी करणे ही काही या दशकातली नवलाई नव्हे. जुन्या लुगड्यांची गोधडी आपल्या आज्यांनी शिवली. तांदळाच्या, साखरेच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पोत्यांना बंद लावून शिवलेल्या पिशव्या भाजी मंडईत वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. त्या शिवणाऱ्या बाईला कुणी पर्यावरणरक्षक म्हटले नाही आणि त्या वापरणाऱ्याने त्या कधी मिरवल्या नाहीत. उलट पाहुण्यांकडे जाताना ती पिशवी घरी ठेवून चांगली पिशवी काढली जाई. तेच कृत्य गरिबाने केले की ती त्याची अडचण ठरते, आणि शेकडो रुपये मोजून विकत घेतले की ते सद्गुण ठरते. यात विणणाऱ्या उद्योगांचा दोष नाही. हाताने धुणे, कापणे, विणणे याला वेळ लागतो, वेळेला मजुरी द्यावी लागते, आणि ती नीट दिली तर पिशवी स्वस्त होऊच शकत नाही. दोष असलाच तर तो आपल्या दृष्टीत आहे, जी वस्तूचे मोल ठरवताना प्रथम वापरणाऱ्याचा दर्जा पाहते.

येथे एक विसंगती सांगण्याजोगी आहे. हातात धरायची प्लॅस्टिकची पिशवी ज्यांनी आखली ते स्वीडनचे अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन. त्यांच्या कंपनीला १९६५ साली तिचे एकस्व मिळाले. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडली जातात, त्याऐवजी टिकाऊ पिशवी असावी आणि ती घडी घालून खिशात ठेवून पुन्हा पुन्हा वापरावी, अशी त्यांची कल्पना होती, असे त्यांच्या पुत्राने २०१९ मध्ये सांगितले. म्हणजे आज आपण जिला एकदाच वापरण्याची वस्तू म्हणून दोष देतो, तीच मुळात पुनर्वापरासाठी जन्मली होती. वस्तू तीच राहिली, बदलला तो हात.

म्हणून केवळ वस्तू बदलून भागत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पातळ प्लॅस्टिक पिशवीशी सुती पिशवीची तुलना आहे. केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी सुती पिशवी ५२ वेळा वापरली तर ती प्लॅस्टिकच्या बरोबरीला येते, आणि पर्यावरणाच्या सर्व अंगांचा हिशेब केला तर ७,१०० वेळा. हे आकडे त्या देशाच्या परिस्थितीतले आहेत, ते जसेच्या तसे पिंपरीच्या मंडईला लावू नयेत. पण त्यांतून एक गोष्ट कळते. कपाटात पाच 'चांगल्या' पिशव्या ठेवून सहावी विकत घेणाऱ्यापेक्षा पोत्याची एकच पिशवी फाटेपर्यंत वापरणारी बाई या हिशेबात पुढे आहे.

इतके झाले तरी प्रश्नाचा गाभा अद्याप दूरच आहे, कारण आपण आतापर्यंत विकत घेणाऱ्याचाच विचार केला. वेष्टन मागापर्यंत पोहोचते ते कुणाच्या तरी हातांतून. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हे हात बहुतांशी दलित स्त्रियांचे आहेत. त्यांपैकी अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून आलेली. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली, तेव्हा या स्त्रियांनी जी मागणी केली ती आपल्यासारख्यांना बुचकळ्यात टाकणारी होती. 'आम्हाला या घाणीतून सोडवा' असे त्या म्हणाल्या नाहीत. आमचे काम हे काम आहे असे माना, आम्हाला ओळखपत्र द्या, आणि वेचण्याचा आमचा हक्क काढून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

हा हक्क आज दोन बाजूंनी आक्रसतो आहे. मोशीला कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरील, असे तेव्हा सांगण्यात आले. डोंगर साठत राहण्यापेक्षा हे बरे, यात संशय नाही. पण भट्टीला जळाऊ माल लागतो, आणि कोरडे प्लॅस्टिक हा कचऱ्यातील सर्वांत चांगला जळाऊ माल. जे वेचले गेले असते तेही तिच्या तोंडी जाऊ शकते. दुसरी घटना कुदळवाडीची. चिखलीजवळच्या या भागात भंगाराची अगणित गोदामे होती. तेथे आगी लागत, धूर होई, सांडपाणी वाहे, आणि बांधकामे विनापरवाना होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. नागरिकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. परंतु वेचलेल्या मालाला विकत घेणारा, तो जातवार निवडून पुढे पाठवणारा दुवाही त्या पत्र्यांखालीच होता. शहराने तो दुवा सुरक्षित जागी हलवण्याआधी मोडला, आणि भंगार तर दुसऱ्या दिवशीही तितकेच निघाले.

अशा वेळी मला एक जुना शब्द आठवतो: सरवा. कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसे, काढणीनंतर मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा वेचून नेण्याची मुभा आपल्याकडेही गोरगरिबांना असे. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात रूथ ही परकी विधवा बवाजाच्या शेतात वेचते तो सरवाच. मोशेच्या नियमशास्त्रातील ही आज्ञा नीट वाचली तर ध्यानात येते की ती वेचणाऱ्याला उद्देशून नाही. ती शेताच्या मालकाला आहे. बांधापर्यंत कापू नको, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नको, असे तिचे सांगणे. रूथला कृतज्ञतेचा उपदेश कुठे नाही. बवाज तर गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम ओढून टाका. येथेही 'टाकणे' आहेच, पण किती वेगळे! जे मागे ठेवायचे ते मालकाच्या कोठारात जाणाऱ्याच प्रतीचे सातू आहेत. कुजलेले, चिखलात तुडवलेले धान्य मागे ठेवले तर तो सरवा होत नाही.

मला वाटते, प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कचऱ्याच्या पिशवीचे नैतिक मोल ती विकत घेण्याच्या क्षणी ठरत नाही. आपण वेष्टन हातावेगळे करतो त्या क्षणी ते ठरते. आमटीने माखलेले, शिळ्या भातात कालवलेले वेष्टन आपण बादलीत कोंबतो, तेव्हा ते धुण्याचे काम दुसऱ्या कुणाच्या हातावर ढकलतो. तेच कोरडे आणि वेगळे ठेवले तर वेचणारीच्या पदरी सरवा पडतो. तिचा वेळ वाचतो, मालाला बरा भाव येतो, हाताला काच किंवा सुई लागत नाही. एकाच वस्तूचा कुणासाठी भार होतो, कुणासाठी वाटा, आणि दोहोंत अंतर असते ते वाटीभर पाण्याचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्लॅस्टिक टाळणे आणि कचरा वेगळा करणे अशा घरगुती कृत्यांची गणना मोठ्या गोष्टींबरोबर केली, तेव्हा काहींना ते किरकोळ वाटले होते.

याला एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. सारा भार गृहिणीच्या बादलीवरच का? ज्याने न वितळणारे, न विकले जाणारे वेष्टन छापले त्याचे काय? कायद्याने २०१६ पासून उत्पादकावर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकलेली आहे, आणि ती त्याच्याकडून वसूल झालीच पाहिजे. शेताचा मालक तोही आहे, किंबहुना मोठा मालक आहे. मात्र त्याची वाट पाहत आपली कणसे चिखलात टाकण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

२३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्र शासनाच्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी किमान ५० पैशांची परतफेड ठरवलेली होती. ग्राहकाने रिकामी पिशवी परत करावी, दुकानदाराने पैसे द्यावेत, अशी योजना. ती घरोघरी रुजली नाही. कदाचित ५० पैशांसाठी दुकानाची पायरी चढणे कुणाला नकोसे वाटले असेल. पण दुधाची पिशवी जाड पॉलिथिनची असते, धुऊन वाळवलेली असली तर भंगारवालाही तिला घेतो, आणि वेचणारीला त्यात चार पैसे सुटतात. ती फोडताना मात्र कोपरा कापून वेगळा पाडू नये, चीर द्यावी आणि तुकडा पिशवीलाच राहू द्यावा. सुटलेला तो त्रिकोण इतका लहान असतो की तो ना मागावर चढतो, ना वजनकाट्यावर. तो थेट गटारात जातो, आणि तेथून पवनेत.