डबीवरचं नाव

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरली की तिच्यासोबत करडईच्या ओळी ठरलेल्या. बांधाकडेनं तर करडईच, कारण तिच्या काट्यांना भिऊन गुरं पिकात शिरत नाहीत. कोवळेपणी तिची भाजी होते, पुढे बी घाण्याला जातं. फुलं मात्र वाऱ्यावर जायची. काट्यांत हात कोण घालणार?

अशाच एका घरातल्या सुनेनं बिनकाट्याच्या करडईचं बियाणं आणलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं काढलेला ‘नारी-६’ हा तो वाण. त्याच संस्थेनं करडईच्या पाकळ्यांच्या चहावर काम केलंय, हे तिला बचत गटाच्या बैठकीत कळलं होतं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, “काटा नाही ती कसली करडई?” पण माघात रान पिवळंधमक झालं तशा पदर खोचून त्याच पहिल्या रानात उतरल्या. पिवळ्या टवटवीत फुलाला त्या हात लावू देत नसत. “दाणा धरू दे आधी. फूल सुकून तांबूस झालं की मग उपट. तेलाचा तोटा नाही अन् रंगही मिळतो.”

फुलं त्या सावलीतच वाळवायच्या, जुन्या लुगड्यावर पातळ पसरून. उन्हात टाकली तर रंग उडतो. बोटात धरल्यावर चुरा होईल इतकी वाळली की घट्ट झाकणाच्या डब्यात. चिमूटभर पाकळ्या कढत पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवल्या की सोनेरी चहा होतो. चव किंचित कडवट, पण गुळाचा खडा टाकला की गोडीनं पिता येतो. शिऱ्याला, श्रीखंडाला रंग हवा तर पाकळ्या कोमट पाण्यात भिजवायच्या आणि गाळून तेवढं पाणी घालायचं. करडईचा पिवळा रंग पाण्यात सहज उतरतो. तांबडा उतरत नाही, त्याला खार लागतो. पूर्वी लुगडी कुसुंबी रंगवायची तर तोच तांबडा रंग काढावा लागे. वास मात्र या पाकळ्यांना जवळजवळ नाहीच, आणि सासूबाई गिऱ्हाइकाला तेही सांगून टाकायच्या.

सोलापूरच्या एका प्रदर्शनात त्यांच्या टेबलाशी एक व्यापारी थांबला. पाकळ्या हातावर घेऊन त्यानं निरखल्या आणि आठवड्यात घरी आला. “वहिनी, तुम्ही किलोला जे मागता त्याच्या आठपट देतो. सगळा माल माझा. फक्त पुडीवर चिठ्ठी चिकटवायची नाही. डब्या आमच्या आम्ही भरू.”

सुनेच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. केशराच्या एका फुलात तंतू तीनच. ग्रॅमभर केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, म्हणून ते सोन्यासारखं तोलून विकतात. त्यात करडई मिसळली तर नफाच नफा.

तिचा चेहरा बघून व्यापारी म्हणाला, “तुम्ही कुठं खोटं बोलताय? तुम्ही करडई म्हणूनच देताय. पुढचं आमच्या माथी.”

हा युक्तिवाद मोठा सोयीचा आहे आणि भल्याभल्यांना पटतो. सुनेलाही निम्मा पटला. थोरल्या मुलीची नर्सिंगची फी तोंडावर आली होती. “उद्या सांगते,” ती म्हणाली. सासूबाई गप्प होत्या.

त्याच सांजेला नणंद माहेरी आली. सातवा महिना, डोहाळजेवण घरीच करायचं होतं. येताना तिनं शहरातल्या दुकानातून केशराची डबी आणली होती, रोज रात्री दुधात घालायला. सासूबाईंनी दूध तापत ठेवलं आणि डबी उघडून हुंगली. पुन्हा हुंगली. मग एका वाटीत पाणी घेऊन दोन तंतू सोडले.

खरा केशराचा तंतू एका टोकाला तुतारीसारखा रुंदावलेला असतो. पाण्यात तो रंग सावकाश सोडतो, आणि पाणी पिवळं झालं तरी स्वतः बराच वेळ लालच राहतो. या वाटीत पाणी बघता बघता पिवळं झालं. भिजून फुगलेल्या तंतूचं टोक सासूबाईंनी सुईनं उकललं, तर बारीक नळी निघाली आणि तिच्या तोंडाशी पाच चिरोट्या. ही नळी त्यांनी महिनाभर चिमटीत धरली होती.

“हे आपल्याच रानातलं फूल,” त्या म्हणाल्या आणि दूध कोरंच नणंदेच्या हाती दिलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. चिनी वैद्यकात करडईची फुलं फार जुनं औषध आहे, ‘होंगहुआ’ नावाचं. रक्त वाहतं करण्यासाठी ते देतात, आणि म्हणूनच गर्भारपणात ते वर्ज्य मानतात. आपल्याकडे केशर हौसेनं पाजतात ते नेमकं गर्भारशीलाच. सुनेला हे बचत गटातल्या बाईंनी बजावून सांगितलेलं होतं. ती वाटीकडे बघत राहिली.

“आत्याबाई, हे विकणाऱ्यानं जाणूनबुजून दिलं असेल का हो?”

“कुणास ठाऊक. त्यालाही कुणीतरी बिनचिठ्ठीचीच पुडी दिली असंल.”

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तेव्हा सुनेनं सांगितलं, माल देते, पण प्रत्येक पुडीवर ‘करडई’ छापलेलं राहील. तो हसला, चहा न घेता गेला आणि परत आला नाही. मुलीच्या फीसाठी दोन शेळ्या विकाव्या लागल्या. पुडीवर त्यांनी आणखी एक ओळ छापून घेतली, ‘गरोदर बायकांनी घेऊ नये’. ती वाचून काही गिऱ्हाइकं पुडी खाली ठेवतात. सोलापूरचा एक आचारी मात्र लग्नाच्या शिऱ्याला बाजारचा रंग टाकण्याऐवजी आता त्यांच्याकडून पाकळ्या नेतो, आणि कुणी विचारलं तर करडईच म्हणून सांगतो. पैसे थोडे मिळतात, पण रोख.

माल एका नावाचा आणि विक्री दुसऱ्याच नावानं, हा २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार गुन्हा आहे. पण प्रत्येक डबीपाशी निरीक्षक पोचत नाही, वाटीभर पाणी मात्र प्रत्येक घरात असतं. तेव्हा गर्भारशीच्या दुधात केशर घालण्याआधी दोन तंतू त्या पाण्यात टाकून बघा. आणि करडईच्या पाकळ्या हव्या असतील तर ज्या पुडीवर करडई लिहिलंय, तीच घ्या.