कादंबरीतला चोर आणि गाडीतला चोर



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर एका मावशींनी पिशवीतून वाचनालयाची रहस्यकादंबरी अर्धवट बाहेर काढली आणि हळूच विचारले, "फादर, हे असलं वाचलं तर पाप लागतं का?"

"नाही हो मावशी, खुशाल वाचा," मी म्हणालो. उत्तर देऊन मी मोकळा झालो, पण प्रश्न मला सोडीना.

असा प्रश्न आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील ठरवून उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वाचणाऱ्यांची नीती यामुळे बिघडेल का, हे न्यायालयाने पाहिले. कायद्याला तेवढे पुरते. पण वाचताना आपले आतडे तुटते, डोळे भरून येतात, त्या कळवळ्याचे पुढे काय होते?

मी स्वतः बाबूराव अर्णाळकरांचा जुना वाचक. त्यांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. काळा पहाड कायद्याच्या चौकटीबाहेरचा माणूस, तरी त्याने पोलिसांना हुलकावणी दिली की आमची छाती फुगायची. (सेमिनरीत संत थॉमस अक्वायनसच्या जाड ग्रंथाआड काय काय वाचले, ते आमच्या रेक्टरांना कळले नाही.)

काही वर्षांपूर्वी नाशिकहून भुसावळकडे येताना गाडीत असेच एक जुने पुस्तक वाचत होतो. नायक वेढ्यात सापडलेला, मी श्वास रोखलेला. तेवढ्यात डब्यात गलका झाला. कुणाचा तरी मोबाइल चोरताना एक पोरगा सापडला होता. तेरा-चौदा वर्षांचा असेल. लोक त्याला मारत होते. मी मान वर करून पाहिले, आणि पुन्हा पुस्तकात खाली घातली. नायक वेढ्यातून निसटला. मला बरे वाटले. पुढच्या स्टेशनावर पोराला ढकलून उतरवले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होते. तो माझ्याकडे पाहत होता की माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे, ते मला आजही सांगता येत नाही.

संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'त असेच काहीसे लिहून ठेवले आहे. लहानपणी व्हर्जिलच्या काव्यातल्या डिडो राणीच्या मरणावर तो रडला, आणि देवापासून दूर जाऊन आपण स्वतः मरत आहोत, त्यावर मात्र डोळे कोरडे. हे मी सेमिनरीत शिकलो होतो. शोकनाट्य पाहून करुणा आणि भीती यांचा निचरा होतो, हे अरिस्टॉटलचे म्हणणेही शिकलो होतो, परीक्षेत गुण चांगले मिळाले होते. त्या दिवशी मात्र वाटले, माझी करुणा पुस्तकातच निचरून गेली की काय!

पुस्तकाला दोष देऊन भागत नाही. काळ्या पहाडाबद्दल लेखकाने मला शंभर पाने सांगितले होते, तो चोर का झाला, कुणासाठी झाला. पोराबद्दल कुणी काही सांगणार नव्हते. मलाच उठून विचारावे लागले असते. पुस्तकातल्या माणसावर माया करायला जागेवरून उठावे लागत नाही, हीच त्यातली सोय. प्रेमकथेचेही तेच. घरातून पळून गेलेल्या नायिकेसाठी आपण रात्र जागवतो, आणि आपल्या गल्लीतली मुलगी गेली की तिच्या आईशी बोलणे टाकतो.

उलट वाटही आहे. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने एका धर्मगुरूलाच गुप्तहेर केले, फादर ब्राउन. १९२७च्या पुस्तकात तो आपले गुपित सांगतो. तो खुन्याकडे बाहेरून पाहत नाही. आपल्या आत शिरून, हा खून मीच कसा केला असता, ते शोधतो. अशा माणसाला डब्यातले पोर परके वाटले नसते.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. पुस्तक संपले होते, खुनी धाकटा दीर निघाला म्हणे. "पण फादर," त्या म्हणाल्या, "त्याला पोलीस घेऊन गेले तिथंच गोष्ट संपवली. घरी त्याची म्हातारी आई होती. तिचं काय झालं, ते लिहिलंच नाही."