नखे कोणी कापावीत?

शाळेत मुलांना चांगल्या सवयी लावाव्यात, सदाचार शिकवावा, हे कोणाला अमान्य आहे? हल्ली शाळाशाळांतून परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, सारे रीतसर. पण पुष्कळदा त्यानंतर मास्तर रांगेतून फिरतात आणि नखे वाढलेली, गणवेश मळका, केस विस्कटलेले अशी पोरं बाजूला उभी करतात. वाचकहो, प्रश्न इथेच आहे. त्या बाजूला उभ्या पोराला आपण काय शिकवलं? स्वच्छता की नुसती लाज?

आमच्या वसई-विरारकडचे पाहा. आई पहाटेची लोकल पकडते, बाप रात्रपाळीहून यायचा असतो, चाळीत टँकर येईल तेव्हा पाणी. अशा घरचे सात-आठ वर्षांचे पोर आपले आपणच आवरून शाळेला निघते. त्याचा मळका सदरा पाहून त्याला शीलाचे धडे देणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे!

याच पालघर जिल्ह्यात, विरारहून डहाणूच्या बाजूला गेले की, या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिलेले सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारने बालविकासाची योजना आणली, तेव्हा हेच नाव देशभर झाले. केंद्र नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली पोरे गुरे राखायची, म्हणून शाळा कुरणात गेली. आणि धड्याच्या आधी काय? तर पोरांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. आधी स्वच्छ होऊन या, मग शिकवू, अशी अट नव्हती.

आपल्याला यात नवल वाटू नये. जनाबाईची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! दासीच ती, दळणकांडणातून केसांकडे पाहायला सवड कुठली? विठ्ठलाने तिला ‘नीट होऊन देवळात ये’ म्हटले नाही. स्वतः मागे बसून तिची वेणी घातली. कथा ऐकताना आपले डोळे भरतात, आणि घरी आल्यावर शेजारचे शेंबडे पोर दारात उभे राहिले की आपण कपाळाला आठ्या घालतो. असो.

कोणी म्हणेल, असे सगळे हातात दिले तर पोर आळशी होईल. शंका रास्त आहे. सवय शेवटी पोराच्याच हाती गेली पाहिजे, नाहीतर ती सवय कसली? पण जे हातात देणार ते आधी आपल्या हातात हवे ना! शिवाय स्वच्छता म्हणजे काही शील नव्हे. इस्त्रीच्या कपड्यातले पोरही दुसऱ्याला चिडवते. मायेने विंचरून घेतलेल्या पोराला स्वच्छता तर कळतेच, पण आपल्याला कोणी हलके लेखले नाही हेही कळते. आणि शीलाचा आरंभ मला तरी या दुसऱ्या गोष्टीत दिसतो. दिंडीत आजोबाच्या वयाचा वारकरी नातवाएवढ्या पोराच्या पाया पडतो. ते पोर आधी बावरते, मग वाकते. त्याला नम्रतेवर भाषण कोणी दिलेले नसते.

राहिली अडचण एका मास्तराची. वर्गात पन्नास-साठ मुले असली तर तो किती जणांना आंघोळ घालणार? नाहीच घालू शकत. पण वर्गाच्या कोपऱ्यात आरसा, फणी, नखं कापायचं यंत्र आणि पाण्याची बादली ठेवता येते, आणि पोराला चारचौघांत उभे न करता तिकडे हळूच पाठवता येते. बाकीचे काम आपल्याकडे येते. आमच्या भजनी मंडळांतून निवृत्त मंडळी पुष्कळ. काकडआरती आटोपून घरी परतावे, तर शेजारच्या पोरीची शाळेची वेळ झालेली असते, वेणी राहिलेली असते, आणि तिच्या आईची गाडी तोवर बोरिवलीच्या पुढे गेलेली असते.