तीन जीबीचा अश्वत्थामा

मध्यमवर्गीय माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न विचारतो, "यात मधलं काय आहे?" स्वस्तातलं घेतलं तर टिकणार नाही ही भीती, आणि महागातलं घेतलं तर घरी काय सांगायचं ही त्याहून मोठी भीती. मग तो प्रेशर कुकर असो, व्याह्यांचा शर्टपीस असो की मंगल कार्यालय. व्यापाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच मधला माल आपोआप मधला नसतो. तो बेतून मधला केलेला असतो.

हे ज्ञान मला भाच्यामुळे झालं. तो राहतो बदलापूरला. पूर्वी तिथे प्रवासी घोडे बदलत म्हणून गावाला ते नाव पडलं, असं सांगतात. हल्लीची मुलं ग्राफिक्स कार्ड बदलतात. (ज्यांना भाचा नाही त्यांच्यासाठी : संगणकाच्या पोटात पडद्यावरची चित्रं रंगवायला बसवलेला हा खास रंगारी. खेळ जितका झगमगीत, तितका रंगारी महाग.)

"मामा, मला मिडरेंजच हवंय," तो म्हणाला. पोरगं आपल्याच कुळातलं, याची खात्री पटली.

मग त्याने मला २०१६ सालची कथा ऐकवली. एनव्हिडिया कंपनीने त्या वर्षी जीटीएक्स १०६० नावाचं कार्ड काढलं. आता १०६० म्हटलं की मला अंबरनाथचं शिवमंदिर दिसतं. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. पण ते देऊळ एकच आहे. कार्ड मात्र दोन निघाली : सहा जीबी मेमरीचं २४९ डॉलरना, तीन जीबीचं १९९ ना. नाव दोघांचं एकच. साहजिकच कोणीही समजेल, फरक फक्त मेमरीचा. पण सहा जीबीच्या रंगाऱ्याला हात १२८०, आणि तीन जीबीच्याला ११५२! हा आकडा कंपनीने दडवला होता का? छे. तो छापलेला होता. फक्त नाव मोठ्याने उच्चारलं आणि हात हळूच सांगितले.

हे तंत्र आपल्याला नवीन नाही. अश्वत्थामा मेला, हे धर्मराजाने खणखणीत आवाजात सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख खाली आवाज करून केला. शब्द न् शब्द खरा, आणि द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं.

त्याच वर्षी एएमडीने १९९ डॉलरना आरएक्स ४८० काढलं, चार जीबीचं. त्यातली काही कार्डं उघडून पाहिली तर आत आठ जीबी! निम्म्या मेमरीला सॉफ्टवेअरचं कुलूप. चार खोल्यांचं घर बांधायचं, दोन खोल्यांना कुलूप घालायचं आणि दोन खोल्यांचं भाडं घ्यायचं. भाचा याला लबाडी म्हणतो. मी म्हणत नाही. चार सांगितले, चार दिले. कुलूप बघून जीव चरफडतो खरा, पण चरफड म्हणजे फसवणूक नव्हे. आणि चिप बनवताना काही भाग बिघडला तर तेवढा बंद करून ती स्वस्तात विकतात, त्यात तर पापच नाही. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी आपण करतोच की. फक्त ती पुरणपोळी म्हणून वाढू नये.

इथे कोणीतरी उल्हासनगरचं नाव काढणारच. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ही छावणी. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं शहर झालं. तिथल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद ठाणे जिल्ह्यात प्रत्येक पिढी नव्याने शोधून काढते. पण मला तो माल १०६० पेक्षा सात्त्विक वाटतो. कारण त्याची किंमत खरं बोलायची. एवढ्या पैशांत अमेरिका येत नाही, हे घेणाऱ्याला पक्कं माहीत असायचं. लेबल त्याच्यासाठी नव्हतंच मुळी. ते ऑफिसातल्या कुलकर्ण्यांसाठी होतं. विकणारा आणि घेणारा दोघे मिळून तिसऱ्याला बनवत होते. १०६० च्या खोक्यासमोर मात्र घेणारा एकटाच उभा असतो.

"पण मामा, धर्मराजाचा रथ चार बोटं वर चालायचा, तो त्या दिवशी खाली टेकला ना? यांचा कुठे टेकला?"

टेकला होता, एकदा. २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर चार जीबी लिहिलेलं होतं आणि शेवटचा अर्धा जीबी रखडत चालायचा. २०१५ मध्ये ते उघड झालं. कोर्टकचेरी होऊन २०१६ मध्ये तडजोड ठरली : अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागे तीस डॉलर. बदलापूर अमेरिकेत येत नसल्यामुळे इकडे रथ वरच राहिला.

२०२५ मध्ये पुन्हा तेच. आरटीएक्स ५०६० टीआय, नाव एक, मेमरी आठ किंवा सोळा. या खेपेला हात तरी सारखे आहेत. आम्ही उल्हासनगरच्या एका दुकानात गेलो. भाचा नुसतं नाव घेऊन थांबला. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आठवाला या सोलहवाला? पहले ये बोलो साईं, फिर भाव बोलता हूँ."

मी भाच्याच्या कानात म्हटलं, "इथूनच घे."