नदीचा काठ लावून येत नाही

पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणेवरून चाललेल्या वादात दोन्ही बाजू झाडे मोजतात. एक विचारते किती तोडणार, दुसरी सांगते किती लावणार. पण नदीकाठची झाडी मुळात कुणी लावलेली नसते. पाण्याची चढउतार ती घडवते. वाळुंजाचे कापसाळ बी थोडेच दिवस जगते आणि ओल्या, उघड्या गाळावर पडले तरच रुजते. करंजाच्या शेंगा प्रवाहाबरोबर तरंगत जातात. शेरणीची चिवट झुडपे खडकांच्या फटींत मुळे रोवतात आणि पुराखाली नुसती वाकतात. पाणी कधी चढते, किती सावकाश उतरते आणि मागे काय ठेवून जाते, यावर कोण कुठे टिकणार हे ठरते. मुठेत हे सगळेच बदलले आहे. १९६१च्या प्रलयानंतर पुन्हा उभी राहिलेली पानशेत आणि खडकवासला, शिवाय वरसगाव आणि टेमघर, ही धरणे पावसाळ्याचे पहिले पाणी आणि त्यातला गाळ अडवतात. ती भरली की विसर्ग एकदम वाढतो आणि तसाच एकदम थांबतो. उन्हाळ्यात शहरातून वाहते ते बहुतांशी सांडपाणी. त्यावर जलपर्णी पोसते, काठावर सुबाभूळ आणि एरंड माजतात.

मग हा परका झाडोरा काढून देशी रोपे का लावू नयेत? आक्षेप सरळ वाटतो, पण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. मातीची धूप थांबवायला एकोणिसाव्या शतकात आणलेले टॅमरिस्क कोलोराडोसारख्या नद्यांच्या काठी पसरले आणि तिथल्या कॉटनवूड, विलो यांच्या ऱ्हासाचा सगळा दोष त्याच्यावर आला. २००१ मध्ये त्याची पाने खाणारे भुंगेरे सोडले गेले. पण विलोची झाडी गेल्यावर एक दुर्मिळ माशीमार पक्षी त्याच टॅमरिस्कमध्ये घरटी करू लागला होता. २०१० मध्ये सरकारी कृषी खात्याने ती मोहीम थांबवली. धरणांनी वसंतातला पूर बंद केल्यावर कॉटनवूडला रुजायला जागाच उरली नव्हती, टॅमरिस्कने ती मोकळी जागा घेतली, हे मानायला बराच काळ गेला. पुढे २०१४ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्या करारानुसार सुमारे आठ आठवडे कोलोराडोच्या कोरड्या त्रिभुज प्रदेशात पाणी सोडले. जिथे आधी झुडपे काढून जमीन तयार केली होती तिथे कॉटनवूड, विलो रुजले. इतरत्र बहुधा टॅमरिस्कच उगवले. म्हणजे सफाईला अर्थ आहे, पण तिच्यामागून योग्य वेळी पाणी आले तरच.

पुराची भीती हा दुसरा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुलांच्या गाळ्यांत अडकेल ती झाडी काढावीच. पण पात्रात भराव टाकून नदी अरुंद करायची आणि दोष झाडांना द्यायचा, हा हिशेब पटणारा नाही. तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: पुण्याची तहान आणि दौंड-इंदापूरची शेती सोडून झाडांसाठी पाणी कोण देणार? इंदापूरच्या शेतकऱ्याने असे विचारले तर चूक म्हणता येणार नाही. पण कोलोराडोतले ते पाणी सुमारे साडेचार टीएमसी होते, नदीच्या सरासरी वार्षिक प्रवाहाच्या एक टक्क्याहूनही कमी. शिवाय मुठेत प्रश्न जादा पाण्याचा कमी आणि सोडण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी धरणे भरल्यावर जे पाणी सोडावेच लागते, त्याचा विसर्ग एका दिवसात तोडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उतरवता येतो. म्हणून काठ सुधारण्याचा आराखडा पुढे आला की नागरिकांनी रोपांच्या यादीबरोबर खडकवासल्याच्या विसर्गाचे वेळापत्रकही मागावे.