सत्यकथन आणि कथानकाची रचना

घडलेली हकिकत कथानकाच्या रीतीने मांडावी की नाही, हा प्रश्न वरवर लेखनकौशल्याचा वाटत असला, तरी चरित्र, आठवण किंवा धर्मप्रसंग यांसारख्या खरे म्हणूनच वाचल्या जाणाऱ्या लेखनात तो नीतीचा आणि ज्ञानमीमांसेचा, म्हणजे माणसाला एखादी गोष्ट कशी कळते याच्या विचाराचा, प्रश्न ठरतो. नाट्यशास्त्राने इतिवृत्ताचे, म्हणजे कथावस्तूचे, मुखापासून निर्वहणापर्यंत पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितले. नवव्या शतकातील काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने तर रसाला प्रतिकूल असा मूळ कथेतला भाग टाकून नवा प्रसंग कल्पिण्याची मुभा कवीला दिली, कारण केवळ घडले ते सांगण्याचे काम इतिहास करतोच. ही मुभा मात्र सत्यकथन करणाऱ्याला नाही.

मराठीत या पेचातून वाट काढली ती म्हाइंभटांनी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या निकटवर्तीयांना विचारून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यातील अनेक लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले सुटे प्रसंग, अवघ्या काही वाक्यांच्या आहेत. सशाच्या प्रसिद्ध लीळेत पाठलाग चुकवीत आलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली आश्रय घेतो, पारधी तो परत मागतात, संवाद होतो आणि सशाची सुटका शेवटीच कळते. येथे उत्कंठा आहे, परंतु ती बाहेरून आणलेली नाही. प्रसंग जगणाऱ्यांनाही शेवट ठाऊक नव्हता, म्हणून तो वाचकापासून काही काळ राखून ठेवणे ही फसवणूक नसून अनुभवाशी राखलेले इमान आहे. खोटेपणा शिरतो तो दोन घटना केवळ शेजारी मांडून त्यांच्यात नसलेला कार्यकारणभाव सुचविला जातो तेव्हा, आणि छोट्या लेखनात हा धोका अधिक, कारण तेथे शंकेला जागाच उरत नाही. म्हाइंभटांच्या ग्रंथात मात्र एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी, ज्यांना परंपरा ‘वासना’ म्हणते, जपलेल्या दिसतात. या आठवणींमुळे कथेचा ओघ अडतो, तरीही त्या राहिल्या, आणि या ग्रंथाची थोरवी शैलीइतकीच या संयमातही आहे.

त्याच पंथातल्या केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त रचनेची दुसरी शक्यता दिसते. आधी सूत्र, म्हणजे मोजक्या शब्दांतले वचन, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा मूळ सिद्धांताशी लावलेला संबंध, असा हा क्रम असल्याने वाचक अर्धवट कळलेले सूत्र मनात धरूनच गोष्टीतून जातो आणि त्याची उत्कंठा ‘पुढे काय झाले’ यापेक्षा ‘याचा अर्थ काय’ याकडे वळते. दृष्टांतातली गोष्ट घडलेली असल्याचा दावा कोणी करीत नाही, त्यामुळे तेथे कल्पनेला मोकळीक मिळते. लीळेत ती मिळत नाही. आजच्या छोट्या वैचारिक लेखात हे दोन्ही प्रकार अनेकदा एकाच परिच्छेदात येतात, तेव्हा कोणता प्रसंग लीळेसारखा आणि कोणता दृष्टांतासारखा वाचायचा, हे वाचकाला कळेल अशी खूण ठेवणे लेखकाचे कर्तव्य ठरते.